वॉर थंडरमधला आमचा नागपूरचा गट सहावरून दोघांवर का आला?

मैत्री आटली म्हणून नव्हे भाऊ, विमानं-रणगाड्यांच्या लढाईच्या या ऑनलाइन खेळाची रचनाच माणसं वेगळी करते. प्रत्येक विमानाला बॅटल रेटिंग, म्हणजे ताकदीचा आकडा असतो, त्यावरून समोर कोण येणार ते ठरतं; आणि स्क्वाडचं, म्हणजे एकत्र उतरणाऱ्या मित्रांच्या तुकडीचं रेटिंग सर्वांत वरच्या विमानावरून ठरतं. तुम्ही 8.0 चं जेट काढलंत आणि नव्या पोराकडे 2.0 चं पंख्याचं विमान असेल, तर तो थेट जेटच्या तोंडी जातो. चार रात्री असं झालं की तो येणंच सोडतो. म्हणून जुन्यांनी 2.0 ते 3.0 मधली दोन-तीन विमानं कायम तयार ठेवावीत आणि नवा खेळाडू असेल त्या रात्री तीच काढावीत. एवढ्या एका गोष्टीने गट वाचतो.

दुसरं, स्क्वाडमध्ये चौघंच मावतात. सहा जण असाल तर तीन-तीन करा. चार-दोन केलंत तर ते दोघं कायम उपरेच राहतात.

बाकी गळती खेळाच्या वयामुळे होते. 2012 मध्ये खुली बीटा, म्हणजे सर्वांसाठीची चाचणी आवृत्ती आली तेव्हा फक्त विमानं होती, 2014 मध्ये रणगाडे आले आणि बरेच तिकडे वळले. 2023 च्या मे महिन्यात खेळातला विमानांचा दुरुस्तीखर्च आणि संथ प्रगती यांवरून खेळाडूंनी स्टीम या खेळविक्रीच्या मंचावर नकारात्मक परीक्षणांचा पाऊस पाडला, मग कंपनीला बदल करावे लागले. काहींना आर्केड हा सोपा प्रकार पुरतो, काही सिम्युलेटर या खऱ्या उड्डाणासारख्या अवघड प्रकाराकडे जातात आणि जॉयस्टिक घेतात. त्यांना माउसवाल्यांसोबत ओढू नका, आठवड्यातली एक रात्र सिम्युलेटरची ठेवा.