टीव्हीवर सामना दिसत असताना कॉलेज बास्केटबॉलचे चाहते रेडिओ का लावतात?

तुमचे प्रश्न तीन आहेत : अमेरिकेतील कॉलेज बास्केटबॉलच्या संघांना स्वतःचे समालोचक असतात हे खरे का, असल्यास ते पक्षपाती नसतात का, आणि सामना टीव्हीवर दिसत असताना त्यांना ऐकते कोण. मी नॉर्थ कॅरोलायनात राहतो आणि या खेळाच्या बाबतीत हे राज्य पंढरपूरच असल्यामुळे, उदाहरणे मुख्यतः इथलीच देतो.

समालोचकांच्या दोन वेगळ्या जाती आहेत, हे आधी स्पष्ट करतो. टीव्हीवरचे समालोचक वाहिनीचे असतात. विद्यापीठांचे गट आपल्या सामन्यांचे हक्क वाहिन्यांना विकतात. इथल्या एसीसी या गटाचे बरेच सामने ईएसपीएनवर आणि 2019 साली सुरू झालेल्या एसीसी नेटवर्कवर दिसतात. आज एका संघाच्या सामन्याचे समालोचन करणारी जोडी उद्या दुसऱ्याच गावी असते आणि तिने तटस्थ राहावे अशी अपेक्षा असते. रेडिओचे मात्र उलट आहे. विद्यापीठ आपल्या प्रक्षेपणाचे व जाहिरातींचे हक्क लर्फील्डसारख्या एखाद्या कंपनीला देते, ती कंपनी राज्यभरातील केंद्रांची साखळी उभी करते, आणि त्या साखळीचा मुख्य समालोचक संघाबरोबर प्रत्येक दौऱ्यावर जातो. त्याच्या शेजारी बहुधा त्याच संघाचा एखादा माजी खेळाडू बसतो. सामन्याआधी प्रशिक्षकाची मुलाखत, नंतरचे विश्लेषण आणि आठवड्यातून एकदा प्रशिक्षकाशी गप्पांचा कार्यक्रम, हेही त्यांच्याकडेच असते.

अशा रेडिओ समालोचकाचे उदाहरण म्हणजे वुडी डरहॅम. ते 1971 ते 2011 अशी चाळीस वर्षे नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचे समालोचक होते. 1982, 1993, 2005 आणि 2009 ही चारही राष्ट्रीय विजेतेपदे त्यांच्या आवाजात लोकांच्या घरी पोहोचली. त्या काळात कितीतरी घरांत टीव्हीचा आवाज बंद करून शेजारी रेडिओ लावण्याची रीत पडली. सामना अटीतटीचा झाला की डरहॅम श्रोत्यांना सांगत की आता तुम्ही जिथे जाऊन बसता तिथे जा आणि जे करता ते करा. म्हणजे कुणी ठरलेल्या खुर्चीत बसे, कुणी खोलीबाहेर उभे राही, कुणी बोटे एकमेकांत अडकवून ठेवी. सचिन नव्वदीत असताना जागेवरून न हलणाऱ्या माणसांना हे निराळे समजावून सांगायला नको. तटस्थ समालोचक असे बोलूच शकत नाही, कारण ‘तुम्ही’ म्हणजे कोण हे त्याला ठरवता येत नाही.

पण या आपुलकीमुळे वर्णन ढिले झाले, तर श्रोता टिकत नाही. बास्केटबॉलमध्ये हे काम विशेष अवघड आहे, कारण पुरुषांच्या कॉलेज सामन्यात संघाला बास्केटचा प्रयत्न करण्यासाठी फक्त 30 सेकंद मिळतात, आणि तेवढ्यात चेंडू सात-आठ हातांतून फिरतो. टीव्हीवरचा माणूस खेळाडूचे नाव घेऊन गप्प बसला तरी चालते. रेडिओवरच्या माणसाला असे काहीतरी बोलावे लागते : ‘आपला संघ डावीकडून उजवीकडे, घड्याळात बारा सेकंद, चेंडू उजव्या कोपऱ्यात, समोर दोघे, परत बाहेर, तीन गुणांच्या रेषेमागून फेक, रिंगच्या मागच्या कडेला लागून बाहेर, रिबाउंड त्यांच्याकडे, एकाहत्तर-एकोणसत्तर, आपण दोनने मागे.’ दिशा, वेळ, जागा आणि गुण या चारांपैकी एक जरी सुटले तरी गाडी चालवत ऐकणारा माणूस चाचपडतो. चांगल्या समालोचकाकडे गुणसंख्या इतक्या वेळा येते की मध्येच रेडिओ लावणाऱ्याला फार थांबावे लागत नाही. आकाशवाणीवर बाळ ज. पंडित यांचे मराठी क्रिकेट समालोचन ऐकलेल्यांना ही शिस्त ओळखीची वाटेल, फक्त क्रिकेटमध्ये दोन चेंडूंच्या मधे श्वास घ्यायला वेळ असतो.

पक्षपाताविषयी माझे मत असे : हा समालोचक आपल्या संघाच्या बाजूने असतो, आणि ते कुणी लपवतही नाही, पण जे घडले ते त्याला सांगावेच लागते. केंटकी विद्यापीठाचे केवूड लेडफर्ड यांनी 1953 पासून 39 वर्षे हे काम केले, आणि केंटकी खराब खेळत असेल तर तसे स्पष्ट सांगण्याबद्दल त्यांची ख्याती होती. त्यांचा केंटकीसाठीचा शेवटचा सामना म्हणजे 28 मार्च 1992 रोजी फिलाडेल्फियात ड्यूक विद्यापीठाविरुद्ध झालेला सामना. जादा वेळेत 2.1 सेकंद उरले असताना ग्रँट हिलने मैदानभर लांब फेकलेला चेंडू क्रिस्टियन लेटनरने झेलला, वळला आणि बास्केट केली. ड्यूक 104-103 असा जिंकला. त्यानंतर ड्यूकचे प्रशिक्षक माइक शशेफ्स्की लेडफर्ड यांच्या टेबलाशी आले आणि केंटकीच्या श्रोत्यांशी त्यांच्याच रेडिओवरून बोलले. हरलेल्या संघाच्या लोकांपर्यंत पोहोचायचे तर कुठे जायचे, हे त्यांना अचूक ठाऊक होते.

याउलट एक मजेशीर प्रसंग 2014 च्या फायनल फोरचा, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेत उरलेल्या शेवटच्या चार संघांच्या फेरीचा आहे. उपांत्य सामने टीबीएस वाहिनीवर तटस्थ समालोचनासह आणि टीएनटी व ट्रूटीव्ही या वाहिन्यांवर एकेका संघाच्या बाजूच्या समालोचनासह दाखवले गेले. ही योजना माहीत नसलेल्या अनेक प्रेक्षकांनी समालोचक उघड पक्षपात करत असल्याची तक्रार केली. रेडिओवर जे हक्काचे वाटते, ते टीव्हीवर खटकते. चूक समालोचकांची नव्हती.

शिवाय खेळाडू फार तर चार-पाच वर्षे राहतात, आणि अलीकडे तर खेळाडूंनी विद्यापीठ बदलण्याचे नियम सैल झाल्यामुळे एकाच वर्षात संघाचा चेहरा बदलतो. प्रशिक्षकही जातात. आवाज तेवढा वर्षानुवर्षे तोच राहतो. डरहॅम यांच्यानंतर जोन्स अँजेल आले, त्यांच्या जोडीला 1993 च्या विजेत्या संघातला उंचापुरा सेंटर (बास्केटजवळ खेळणारा खेळाडू) एरिक माँट्रॉस होता. तोही 2023 मध्ये कर्करोगाने गेला. स्वतः डरहॅम यांना शेवटी शब्द सुचेनासे करणारा मेंदूचा आजार झाला होता, आणि 2018 मध्ये त्यांचे निधन झाले.

टीव्ही आणि रेडिओ जुळवणे आता पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही. हवेतून येणारा रेडिओ टीव्हीच्या पुढे धावतो, त्यामुळे बास्केट होण्याआधीच ती झाल्याचे कळते. इंटरनेटवरचा रेडिओ उलट मागे पडतो, तेव्हा टीव्ही काही सेकंद थांबवून ठेवावा लागतो. भारतात बसून ऐकायचे असेल, तर बऱ्याच विद्यापीठांच्या क्रीडा संकेतस्थळावर किंवा ॲपवर थेट आवाज मिळतो. हंगाम नोव्हेंबर ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत चालतो. जानेवारीत इथे संध्याकाळी 7 ला सुरू होणारा सामना तुमच्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे 5.30 ला असतो, मार्चच्या मध्यापासून 4.30 ला. ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलायना यांचा सामना निवडा, पूर्वार्ध एका बाजूच्या आणि उत्तरार्ध दुसऱ्या बाजूच्या रेडिओवर ऐका. पंचाच्या एकाच शिट्टीवर दोन्हीकडे काय बोलले जाते, याकडे विशेष लक्ष द्या.