वाचकांचे प्रश्न : आफ्रिका कोणाच्या लेखणीतून वाचायची?

मागच्या अंकात आफ्रिकेवर एक छोटं टिपण दिलं होतं, त्यावर नागपूर आणि आसपासहून बरेच मेसेज आले. सगळे घेता येणार नाहीत, चार घेतोय.

प्रश्न : सर, आमच्या पुस्तकात आफ्रिका येते ती थेट वास्को द गामा वळसा घालून जातो तेव्हा, नाहीतर गांधीजींना ट्रेनमधून उतरवतात तेव्हा. त्याआधी तिथं काहीच नव्हतं काय? काहून कोणी सांगत नाही? (बीए दुसरं वर्ष, मानेवाडा)

होतं ना, भरपूर होतं, आणि तुमचा राग मला एकदम पटला. १३२४ मध्ये मालीचा राजा मनसा मुसा हजला निघाला आणि वाटेत कैरोत त्यानं इतकं सोनं वाटलं की तिथल्या बाजारात सोन्याचा भावच पडला, ही गोष्ट आता रील्समध्ये पण फिरते. पण मला त्या सोन्यापेक्षा आजच्या मालीतल्याच टिंबक्टू शहराची पुस्तकं जास्त मोलाची वाटतात. खगोल, कायदा, औषधं, व्याकरण, व्यापाराचे कागद, सगळं हातानं लिहिलेलं, आणि ते घराघरात पिढ्यानपिढ्या जपलेलं. १५९१ मध्ये मोरोक्कोच्या फौजा तिकडं उतरल्या, पुढं अहमद बाबा नावाच्या विद्वानाला पकडून माराकेशला नेलं, तेव्हा त्याची तक्रार अशी होती की माझी १६०० पुस्तकं गेली, आणि आमच्या घराण्यात सगळ्यात छोटा संग्रह माझाच होता! २०१२ मध्ये टिंबक्टू जिहादी गटांच्या हातात गेलं तेव्हा तिथल्याच लोकांनी ही हस्तलिखितं लोखंडी पेट्यांमध्ये भरून, गाड्यांमधून, नायजर नदीतल्या होड्यांमधून लपवत लपवत राजधानी बामाकोला पोचवली. ज्यांच्याकडं लिहिलेला इतिहासच नाही असं शिकवलं गेलं, त्यांनी जीव धोक्यात घालून पुस्तकं वाचवली, हे पोरांना शाळेतच सांगायला पाहिजे.

दुसरं म्हणजे ग्रेट झिम्बाब्वे. ११व्या ते १५व्या शतकातलं शोना लोकांच्या पूर्वजांचं शहर, ग्रॅनाइटचे तुकडे घडवून एकावर एक रचलेले, मध्ये चुना नाही की कसलाही लेप नाही, तरी मोठ्या आवाराची भिंत काही जागी ११ मीटर उंच. आत चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे सापडलेत, म्हणजे समुद्रापलीकडचा व्यापार होता. तरी हे काळ्या लोकांनी बांधलं हे गोऱ्या वसाहतवाल्यांना पटेचना, कोणी म्हणे बायबलातल्या शेबाच्या राणीनं बांधलं, कोणी म्हणे फिनिशियन, म्हणजे भूमध्य समुद्राकडचे जुने व्यापारी, आले होते. १९२९ मध्ये गर्ट्रूड केटन-थॉम्पसन या पुरातत्त्वज्ञ बाईंनी खोदून सांगितलं की हे इथल्याच लोकांचं काम आहे, तरीसुद्धा ऱ्होडेशियाच्या (झिम्बाब्वेचं तेव्हाचं नाव) गोऱ्या सरकारनं पुढं कित्येक वर्षं ते सरळपणे लिहू दिलं नाही. १९८० मध्ये देश मोकळा झाला तेव्हा नाव तिथूनच घेतलं, आणि त्या अवशेषांत सापडलेला दगडी पक्षी झेंड्यावर बसवला.

प्रश्न : सोनं, हिरे, कोको, तेल सगळं असून तिथले लोक गरीब काहून? नेते भ्रष्ट, एवढंच कारण ना? (व्यापारी, इतवारी)

नेते भ्रष्ट होतेच, पण भाऊ, एवढ्यावर थांबलं तर अर्धंच कळेल. तुम्ही इतवारीत बसता म्हणून विदर्भाच्या कापसाचंच उदाहरण घेतो. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत आली ती मुख्यतः कापूस मुंबईच्या बंदरात न्यायला, मग तो मँचेस्टरला जायचा आणि कापड होऊन परत यायचा. आपल्याकडं निदान १८७७ मध्ये एम्प्रेस मिल उभी राहिली. आफ्रिकेत बहुतेक ठिकाणी रेल्वे खाणीपासून बंदरापर्यंत, आणि मिल कधी आलीच नाही. आजही जगातला निम्म्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना हे दोन देश पिकवतात, पण चॉकलेटचा मोठा नफा युरोप-अमेरिकेतच राहतो.

१८८४-८५ च्या बर्लिन परिषदेत सगळा नकाशा कापला गेला असं सांगतात. खरं तर तिथं कबजा करायचे नियम ठरले आणि बऱ्याचशा रेषा पुढच्या काही वर्षांत ओढल्या गेल्या, पण १४ देश टेबलाभोवती बसले होते आणि त्यात आफ्रिकेचा एकही माणूस नव्हता हे मात्र खरं. १९१४ येईपर्यंत इथिओपिया आणि लायबेरिया सोडले तर सगळं युरोपच्या ताब्यात. काँगोत बेल्जियमचा राजा लिओपोल्ड याच्या माणसांनी रबरासाठी लोकांचे हात तोडले, आणि १९६० मध्ये तो देश स्वतंत्र झाला तेव्हा एवढ्या मोठ्या देशात पदवीधर वीससुद्धा नव्हते. निवडून आलेला पंतप्रधान लुमुम्बा काही महिन्यांत मारला गेला, आणि १९६५ ते १९९७ लुटत राहिलेला मोबुटू पाश्चात्त्य देशांच्या पाठिंब्यावर टिकला. तर भ्रष्ट नेता म्हणताना त्याला पोसणारा कोण, हे पण विचारा.

आणि सगळीकडं तसंच झालं असंही नाही. बोत्स्वाना १९६६ मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा जगातल्या सगळ्यात गरीब देशांपैकी एक, देशभरात डांबरी रस्ता १२ किलोमीटर म्हणतात. पुढच्याच वर्षी हिरे सापडले, सरकारनं कंपनीत बरोबरीचा हिस्सा घेतला आणि तो पैसा शाळा, दवाखाने, रस्त्यांत घातला. केनियात मोबाइलवरून पैसे पाठवायची एम-पेसा २००७ मध्ये सुरू झाली, साध्या बटणांच्या फोनवर, आपलं यूपीआय २०१६ चं. या बातम्या आपल्याकडं फार कमी येतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

प्रश्न : नागपूरचा आणि आफ्रिकेचा काही संबंध आहे का हो? (गृहिणी, धरमपेठ)

आहे ना ताई, आणि जमिनीखालीच आहे. उमरेड, कामठीकडचा कोळसा ज्या काळात तयार व्हायला लागला तेव्हा भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका एकाच मोठ्या खंडात होते, त्याला गोंडवाना म्हणतात ते आपल्या गोंड प्रदेशावरूनच. ग्लॉसोप्टेरिस नावाच्या झाडाचं जिभेसारखं लांबट पान, मधोमध शीर, दोन्हीकडं जाळी, हे जीवाश्म नागपूरच्या परिसरातल्या खडकातही सापडतात आणि दक्षिण आफ्रिकेतही. माणसांचं म्हणाल तर मलिक अंबर इथिओपियात जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला, आणि पुढं निजामशाहीचा वजीर होऊन मोगलांना दख्खनेत झुंजवत राहिला.

प्रश्न : आफ्रिकेवरच्या कादंबऱ्या वाचायच्या आहेत, सुरुवात कुठून करू? गोऱ्या लेखकांच्या वाचूच नयेत का? (शिक्षिका, कामठी)

वाचा मॅडम, पण आधी नको. माझ्या पिढीनं आफ्रिका पहिल्यांदा पाहिली ती इंद्रजाल कॉमिक्समधल्या वेताळाकडून (म्हणजे फँटम), जंगल सगळं त्यांचं आणि न्याय देणारा मात्र गोरा. वाचायला मजा यायची, पण ते चित्र डोक्यात इतकं घट्ट बसतं की निघता निघत नाही. जोसेफ कॉनराडची 'हार्ट ऑफ डार्कनेस' १८९९ ची, लिओपोल्डच्या काँगोतली लूट तो स्वतः पाहून आला होता आणि त्या लुटीवर त्यानं कडक लिहिलंय, पण त्यात आफ्रिकी माणसाला जवळपास बोलायलाच मिळत नाही. चिनुआ अचेबेनं १९७५ मध्ये अमेरिकेतल्या एका भाषणात नेमकं हेच धरून कॉनराडला वंशवादी म्हटलं, आणि त्यावरचा वाद अजून चालू आहे. मला अचेबेचं बरोबर वाटतं.

म्हणून सुरुवात अचेबेच्याच १९५८ च्या 'थिंग्ज फॉल अपार्ट'नं करा. नायजेरियातलं इग्बो गाव, तिथली याम या कंदाची शेती, कुस्ती, पंचायत, म्हणी, सगळं गोरा माणूस यायच्या आधीपासून सुरू होतं आणि पानंच्या पानं तसंच चालतं, आणि अचेबे त्या गावाला देव्हाऱ्यात बसवत नाही, तिथली क्रूरता पण दाखवतो. या पुस्तकाची हस्तलिखित प्रत एकच होती, ती त्यानं टायपिंगसाठी लंडनला पाठवली आणि महिनोन्महिने उत्तरच नाही, शेवटी ओळखीच्या बाई तिथं जाऊन विचारून आल्या तेव्हा ती मिळाली. विचार करा, हरवली असती तर!

नंतर केनियाचा न्गुगी वा थिओंगो. त्यानं गावकऱ्यांसोबत गिकुयु भाषेत नाटक केलं म्हणून १९७७ च्या शेवटच्या दिवशी त्याला उचललं, खटला न चालवता साधारण वर्षभर तुरुंगात ठेवलं. तोवर तो इंग्रजीत लिहायचा, इंग्रजीत लिहिलं तोवर एवढा त्रास झाला नव्हता. तुरुंगात टॉयलेट पेपरवर त्यानं गिकुयुत कादंबरी लिहिली, आणि पुढच्या कादंबऱ्या त्याच भाषेत. आपल्याबद्दल दुसऱ्यानं लिहिणं आणि आपण स्वतः लिहिणं यात काय फरक पडतो हे दीक्षाभूमीच्या गावात राहणाऱ्यांना वेगळं समजवायची गरज नाही, आपल्याकडच्या दलित आत्मकथनांनी तेच करून दाखवलंय.

कॉनराड या दोघांनंतर वाचा, मग तो वेगळाच दिसेल. आणि वेळ असला तर टांझानियाच्या झांझिबारमध्ये जन्मलेले अब्दुलरझाक गुर्ना, २०२१ चं नोबेल त्यांना मिळालं, त्यांच्या 'पॅराडाइज'मध्ये किनाऱ्यावरचे भारतीय व्यापारी पण भेटतात, ते कसे दिसतात ते नक्की पाहा आणि शाळेतल्या मोठ्या पोरांसोबत बोला.