जेलीफिशच्या बरण्या आणि अकरावीतली लेक

प्रश्न : आम्ही श्रीवर्धनचे, माझं किराणा दुकान आहे. मुलगी अकरावी सायन्सला, बायोलॉजी घेतलंय. सुट्टी लागली की हरिहरेश्वरच्या खडपात जाऊन जेलीफिश गोळा करते, बरण्यांत भरते, वहीत नावं लिहिते. आठ दिवसांत बरणीत गढूळ पाणी उरतं. याचंच शिक्षण घेणार म्हणते. यात पोट भरतं का? आणि ते विषारी असतात ना? – एक पालक

उत्तर : विषाचं आधी सांगते, कारण तो प्रश्न आजचा आहे. पावसाळ्यात किनाऱ्यावर निळा फुगा वाहून येतो, तो ब्लू बॉटल. मेलेला दिसला तरी त्याचे धागे डंख मारतात. हात लावायचा नाही. डंख झालाच तर वाळू चोळू नका, गोडं पाणी ओतू नका. समुद्राच्या पाण्याने धुऊन सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवा आणि डॉक्टर गाठा. गंमत म्हणजे ही खरी जेलीफिश नव्हेच, अनेक जीवांची मिळून झालेली वसाहत आहे. लेकीने वहीत तिला वेगळं पान दिलंय का, बघा. दिलं असेल तर पोरीची नजर तयार आहे. आणि त्या खडपात एकटीला सोडू नका. सुकतीला उतरायचं, भरती लागायच्या आत वर यायचं.

आता बरण्या. जेलीफिशच्या अंगात ९५ टक्के पाणीच. नळाच्या पाण्यात ती विरघळल्यासारखी होते, स्पिरिटमध्ये आक्रसते. संग्रहालयात समुद्राच्या पाण्यात केलेल्या फॉर्मेलिनच्या द्रावणात ठेवतात, पण ते विषारी रसायन, घरात आणायचं नाही. त्यापेक्षा काचेच्या वाडग्यात समुद्राचं पाणी घ्या, खाली काळा कागद, शेजारी पट्टी, आणि जिवंत असतानाच फोटो. छत्रीच्या मधोमध घोड्याच्या नालांसारख्या चार खुणा दिसल्या तर बहुधा ऑरेलिया जातीची जेलीफिश. कडेला धागेच नाहीत आणि खाली आठ जाडसर बाहू लोंबतायत, तर रायझोस्टोम नावाचा जेलीफिशचा गट. छत्री चौकोनी, कोपऱ्यांतून धागे, तर ती विषारी बॉक्स जेलीफिश, लांबूनच नमस्कार. सोबत तारीख, भरती-सुकती, वारा. आणि तिला हे विचारा : दगडाखाली पाहिलंस का? बऱ्याच जेलीफिशचं अर्धं आयुष्य कातळाला चिकटलेल्या मिलिमीटरभर पॉलिपच्या, म्हणजे इवल्या नळीसारख्या, रूपात जातं. त्यावर बशीवर बशी रचावी तशा चकत्या तयार होऊन एकेक सुटते, तीच पुढे जेलीफिश.

पोटाचं. 'जेलीफिशतज्ज्ञ पाहिजे' अशी जाहिरात मी आजवर पाहिलेली नाही. वाटा दोन. एक, रत्नागिरीच्या शिरगावचं मत्स्य महाविद्यालय, चार वर्षांचं बीएफएससी, म्हणजे मत्स्यविज्ञानाची पदवी. पुढे सहायक मत्स्यव्यवसाय विकास अधिकाऱ्याची परीक्षा, कोळंबीची हॅचरी (पिल्लं तयार करण्याचं केंद्र), मासळीप्रक्रिया, नाहीतर मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत (सीआयएफई) पदव्युत्तर. दुसरी, प्राणिशास्त्रात बीएससी, मग गोवा विद्यापीठासारख्या ठिकाणी सागरी विज्ञानात एमएससी, नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा, पीएचडी. तिथून गोव्यात दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था (एनआयओ) किंवा १९१६ पासूनची भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था. नेटमधून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर महिना ३७,००० रुपये, पण पक्की नोकरी लागेतो तिशी जवळ येते. हे लपवून तुमची फसवणूक करणार नाही.

पहिल्या वाटेने पोट लवकर भरतं. तरी तुमच्या पत्रावरून मला दुसरी वाट तिची वाटते. मासे वाढवण्यात तिला रस आहे असं तुम्ही एका ओळीतही लिहिलेलं नाही; नावं लिहिते हे मात्र लिहिलंय. प्राणी बघून नाव सांगणारी माणसं कमी होत चाललीत, आणि नाव कळल्याशिवाय पुढचं कुठलंच संशोधन हलत नाही. बारावीत सीईटीचा पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) गटाचा फॉर्म मात्र भरून ठेवा, म्हणजे पहिली वाट बंद होणार नाही.

दिवाळीच्या सुट्टीत तिला रत्नागिरीला न्या. झाडगावला सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे, मत्स्यालयही आहे. तिथल्या माणसांशी तिलाच बोलू द्या, तुम्ही मागे उभे राहा. वही न्या. बरण्या घरीच राहू द्या.