इंद्रजाल कॉमिक्समधल्या वेताळावर (इंग्रजीतला फँटम) फॅन फिल्म, म्हणजे चाहत्यांनी हौसेने केलेली फिल्म, करतोय. जांभळा घट्ट पोशाख आणि पट्ट्यांची चड्डी आजच्या प्रेक्षकांसाठी बदलावी का?

नका बदलू. निदान तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय तसं तर अजिबातच नको: काळं चिलखत, छातीवर फोमचे स्नायू, चड्डी गायब आणि पट्ट्यावर कवटीच्या जागी लुकलुकणारा दिवा. नेमका असाच पोशाख मला एकदा मनाविरुद्ध करून द्यावा लागला आहे, म्हणून लिहायला बसले.

मी प्रायोगिक नाटकांची वेशभूषा करते. काही वर्षांपूर्वी आमच्याच एकांकिकेच्या ग्रुपमधल्या एकाने वेताळावर छोटी फिल्म करायला घेतली. मी लगेच हो म्हटलं. मामाकडे मराठी इंद्रजाल कॉमिक्सचे बांधून घेतलेले गठ्ठे होते. वेताळाचं डेंकालीचं जंगल आणि त्याची कवटीची गुहा मला शाळेच्या पुस्तकांआधी पाठ होती. पोशाख मी जीव ओतून केला. वांग्याच्या रंगाकडे झुकणारं, अजिबात न चमकणारं, चारी बाजूंना ताणलं जाणारं कापड शोधलं, डोक्यावरचं टोपडं वेगळं शिवलं, चड्डीचे तिरपे पट्टे शिवणीवर एकमेकांना जुळवले. दिग्दर्शकाने पाहिलं आणि म्हणाला, "सर्कशीतला वाटतो गं. लोक हसतील."

मग फोम आला. तुकडे कापा, हीट गनने वळवा, चिकटवा, वर काळा रंग. शूटिंग भर मे महिन्यात. आमचा वेताळ भाड्याने आणलेल्या घोड्यावर बसला तेव्हा खांद्याची पाटी हनुवटीला टेकायला लागली, मान वळेना. घामाने काखेतले जोड सुटले, दर शॉटनंतर मी गोंद घेऊन धावत होते. रात्रीचे प्रसंग झाडीत होते. काळी झाडी, काळा पोशाख! पडद्यावर एक हनुवटी तेवढी हलताना दिसते. एडिटिंगमध्ये उजेड वाढवला तर चित्रभर दाणे आले. तरी दिग्दर्शकाचं एकच पालुपद, "पण मॉडर्न वाटतं ना?"

हे सगळं सोसलं असतं, पण त्या चिलखताने गोष्टच मोडली. वेताळ अमर नाही, तो अमर भासतो. १५३६ पासून बापामागून मुलगा तोच पोशाख चढवतो, म्हणून तर जंगलात आणि चाच्यांत समज आहे की हा माणूस मरतच नाही. चालतं-बोलतं भूत म्हणतात ते यामुळे. आताच्या, म्हणजे एकविसाव्या पिढीतल्या वेताळाने वेगळे कपडे घातले की चारशे वर्षं जपलेलं गुपित पहिल्याच दृश्यात उघडं पडतं. आजोबांनी सांगितलेला वेताळ आणि समोर उभा असलेला वेताळ एकसारखे दिसलेच पाहिजेत. २००९ च्या टीव्ही मालिकेत त्याला आधुनिक तंत्रज्ञानाचा सूट चढवला, तर जुने वाचक चिडले ते याच कारणाने. १९९६ च्या चित्रपटाने जांभळा रंग ठेवला आणि गोष्टच १९३० च्या दशकात नेली. तो चित्रपट फार चालला नाही, पण त्यात वेताळ झालेला बिली झेन पाहताना हा वेताळ नव्हे असं मला एकदाही वाटलं नाही.

आमच्या दिग्दर्शकाचा आवडता युक्तिवाद होता की बॅटमॅनचा पोशाख दर चित्रपटात बदलतो. बदलतो, कारण तो एकाच श्रीमंत माणसाने स्वतःसाठी बनवून घेतलेला आहे. तिथेही १९८९ च्या रबरी सूटमध्ये मान वळत नव्हती. २००८ च्या चित्रपटात तर मान वळवता यावी म्हणून नवा सूट मागण्याचा प्रसंगच आहे. आणि फॅन फिल्मबद्दलच बोलायचं तर सँडी कलोराची 'बॅटमॅन: डेड एंड' बघा. २००३ साली सॅन डिएगोच्या कॉमिक-कॉनमध्ये, म्हणजे कॉमिक्सच्या चाहत्यांच्या मेळाव्यात, ती दाखवली. मोठ्या स्टुडिओंचा बॅटमॅन रबरात अडकलेला असताना या माणसाने त्याला साधा करडा कापडी पोशाख दिला, आणि लोकांनी तीच फिल्म लक्षात ठेवली.

दिग्दर्शकाचा दुसरा मुद्दा सुपरमॅनची चड्डी. कॉमिकमध्ये २०११ ला काढली, २०१३ च्या चित्रपटातही नव्हती, म्हणजे चड्डीचा जमाना संपला म्हणे. ती २०१८ मध्ये 'ॲक्शन कॉमिक्स'च्या हजाराव्या अंकात परत आली आणि २०२५ मध्ये मोठ्या पडद्यावरही आली. कोणी हसत बाहेर पडलं नाही. एकरंगी घट्ट कपड्यात कंबर कुठे संपते आणि पाय कुठे सुरू होतात ते दुरून कळत नाही, ते कळावं म्हणून चड्डी. हे मी तेव्हाही सांगत होते.

आता तुमच्या कामाचं. रंगाला हात लावायला माझी हरकत नाही. वेताळाचा निर्माता ली फॉक याच्या मनात पोशाख करडा होता, १९३९ ला रविवारची रंगीत पानं सुरू झाली तेव्हा तो जांभळा छापला गेला. स्वीडनमध्ये वेताळ निळा असतो, इटलीत लाल. तेव्हा गडद, मातकट जांभळा घ्या, रात्रीचे प्रसंग असतील तर एक छटा उजळ घ्या. चमकणारी लायक्रा मात्र नको. लोक हसतात ते त्या चकाकीला. शिवण फ्लॅटलॉकची (सपाट, ताणली तरी न तुटणारी), चेन पाठीत लपवलेली, काखेत आणि जांघेत जादा तुकडा, नाहीतर पहिल्याच उडीला उसवेल. चड्डी वरून घालू नका, अखंड पोशाखातच जोडून शिवा.

डोळे पांढरेच ठेवा. ग्रीक पुतळ्यांच्या बुबुळं नसलेल्या डोळ्यांवरून फॉकला ते सुचले होते. पांढऱ्या जाळीचा एक मुखवटा दुरून घ्यायच्या शॉट्सना आणि उघड्या डोळ्यांचा दुसरा जवळून घ्यायच्या, डोळ्यांभोवती काळा रंग लावून, म्हणजे मुखवट्याच्या कडेला कातडीची रेघ दिसत नाही.

आधुनिक करायची हौस मिस्टर वॉकरवर भागवा. वेताळ शहरात याच नावाने वावरतो. तिथे जाताना तो पोशाखावर ओव्हरकोट, हॅट आणि काळा चष्मा चढवतो. तो कोट वेताळ सुरू झाला त्या १९३६ सालचा ठेवायची काहीच गरज नाही. आजचा माणूस विमानतळावर जे घालेल ते द्या, हुडी द्या, आणि कॉलरच्या फटीतून जांभळं कापड दिसू द्या.

हे सगळं वेताळापुरतं. आयर्न मॅनला चिलखत हवंच, त्याची गोष्टच चिलखताची आहे. आणि वेताळाचे हक्क अमेरिकेतल्या किंग फीचर्स या कंपनीकडे आहेत, तेव्हा फिल्मवर पैसे कमवायला जाऊ नका, तिकीट लावू नका.

खरोखर जुनं झालेलं काही बदलायचं असेल तर बांदार लोकांचं, म्हणजे वेताळाच्या जंगलातल्या जमातीचं, चित्रण बदला. एक गोरा माणूस पिढ्यानपिढ्या जंगलाचा रखवालदार आणि तिथलेच लोक भाबडे, हे आज बघवत नाही. गुरनला, म्हणजे बांदारांच्या प्रमुखाला आणि वेताळाच्या मित्राला, दोन धड प्रसंग लिहा, त्याला वेताळाशी असहमत होऊ द्या. आमच्या फिल्ममध्ये त्याला एकही वाक्य नव्हतं, सगळा वेळ फोम चिकटवण्यात गेला.