नायगाराला मे महिन्यात जायचं की जूनमध्ये?

थंडी सरत आली की या सदराच्या टपालात एकाच विषयाची पत्रं वाढतात. मुलाकडे नाहीतर मुलीकडे अमेरिकेला निघालेले आई-बाबा, तिकिटं एप्रिल-मेची, आणि बघायच्या यादीत पहिलं नाव नायगारा. मी राहते बफेलोच्या उपनगरात. धबधबा घरापासून गाडीने अर्ध्या तासावर, त्यामुळे उन्हाळाभर आमच्याकडे कुणाचे ना कुणाचे सासू-सासरे उतरलेले असतात, आणि दाराशी पाहुण्यांसाठी जुन्या विंडचीटरांचा ढीग असतो. या वेळचं सदर सगळंच नायगाराचं.

प्रश्न : आम्ही दोघं एप्रिलच्या मध्याला न्यू जर्सीला मुलाकडे पोहोचतो आहोत, मुक्काम जुलैपर्यंत. मुलगा म्हणतो, एप्रिलअखेर गर्दी नसते, हॉटेलही स्वस्त, तेव्हाच नायगारा उरकून घेऊ. जावं का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : गर्दीचं आणि हॉटेलचं मुलाचं गणित बरोबर आहे. पण तुमच्या हाताशी तीन महिने आहेत, मग घाई कशाला?

धबधबा बारा महिने वाहतो. अडतं ते बाकीचं. नायगारा नदी ईरी सरोवरातून निघते आणि हिवाळ्यात त्या सरोवरावर बर्फ धरतो. 1848च्या मार्चअखेरीस हा बर्फ नदीच्या तोंडाशी असा काही तटला की धबधबाच जवळजवळ बंद पडला होता. आता बर्फाचे तुकडे वाहत जाऊन वीजकेंद्रांच्या तोंडाशी अडकू नयेत म्हणून 1964पासून दर हिवाळ्यात बफेलोपाशी पावणेतीन किलोमीटरची तरंगती साखळी टाकतात, आता ती पोलादी नळ्यांची असते. वसंतात, साधारण एप्रिलमध्ये, ती काढली की उरलासुरला बर्फ नदीत उतरतो आणि धबधब्यावरून खाली येतो. धबधब्याच्या पायथ्यापर्यंत नेणारी बोट कधी सुरू करायची ते या बर्फावर ठरतं. अमेरिकेच्या बाजूची ‘मेड ऑफ द मिस्ट’ एखाद्या वर्षी एप्रिलच्या उत्तरार्धात निघते, एखाद्या वर्षी मे उजाडावा लागतो.

‘केव्ह ऑफ द विंड्स’चं तर आणखी वेगळं. धबधब्याच्या पायथ्याशी नेणारे तिथले लाकडी जिने आणि मचाण दर शरदात उतरवून ठेवतात, कारण हिवाळ्यातला बर्फ ते मोडून टाकेल. वसंतात माणसं खाली उतरून फळी फळी ठोकून ते पुन्हा उभं करतात. ब्रायडल व्हेल या छोट्या धबधब्याच्या अगदी अंगाशी जाणारं वरचं मचाण, हरिकेन डेक, बहुतेक वेळा मेच्या उत्तरार्धात खुलं होतं. म्हणजे एप्रिलअखेर आलात तर धबधबा दिसेल, पण बोट मिळेल न मिळेल आणि मचाण नक्कीच नाही.

वर थंडी. नाशिकच्या उन्हातून निघताना ती डोक्यात येत नाही. ईरी सरोवराचं पाणी मेच्या मध्यालाही दहा अंशांच्या आसपास असतं. तेच पाणी तुषार होऊन अंगावर येतं, आणि जोडीला सरोवरावरचा वारा. हाताने विणलेला स्वेटर इथे कुचकामी, भिजला की गळ्यात ओझं. वारा अडवणारं काहीतरी वरून हवं. झाडंही एप्रिलअखेर उघडीच असतात. पानं मेच्या पहिल्या पंधरवड्यात फुटतात, आणि महिनाअखेरीला लायलॅक फुलतो तेव्हा धबधब्याभोवतीची बाग खरी बघण्याजोगी होते.

मला विचाराल तर मेमोरियल डेचा जोडसुट्ट्यांचा शनिवार-रविवार टाळा. तो मेचा शेवटचा सोमवार, आणि तेव्हा पार्किंग मिळता मिळत नाही. त्यानंतरचा कुठलाही मंगळवार ते गुरुवार धरा. न्यूयॉर्क राज्यातल्या शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत चालू असतात, हे बाहेरून येणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. जूनचे पहिले तीन आठवडे म्हणजे बोट चालू, मचाण चालू, हवा ऊबदार आणि इथली मुलं वर्गात.

प्रश्न : आमच्याकडे अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा आहे. तेवढ्यावर पलीकडे कॅनडात जाऊन येता येईल का? सगळे म्हणतात, अमेरिकेच्या बाजूने काही दिसत नाही. (निवृत्त शिक्षक, सांगली)

उत्तर : सर, येणार नाही. भारतीय पासपोर्टवर पर्यटक म्हणून आलेल्यांना कॅनडाचा वेगळा व्हिसा लागतो, आणि तो घरून निघण्याआधीच काढलेला बरा. तुमच्या मुलाकडे ग्रीन कार्ड असेल तर ते आणि पासपोर्ट दाखवून तो पलीकडे जाऊ शकतो, तुम्ही नाही. इथेच घोटाळा होतो. मुलगा आठवड्याला ये-जा करत असतो, त्याला वाटतं आई-बाबाही येतील. कॅनडात जाणाऱ्या रेनबो ब्रिजच्या रांगेत गाडी शिरली की सहज मागे वळवता येत नाही, म्हणून नकाशात पत्ता ‘नायगारा फॉल्स स्टेट पार्क’ असाच घालायला सांगा. आणि हा सीमेचा भाग आहे. पूल ओलांडायचा नसला तरी मूळ पासपोर्ट आणि आय-94ची, म्हणजे अमेरिकेत शिरल्याच्या नोंदीची, प्रत जवळ असू द्या.

आता ‘काही दिसत नाही’चं. हॉर्सशू, अमेरिकन आणि ब्रायडल व्हेल हे तिन्ही धबधबे समोरून एका नजरेत दिसतात ते कॅनडातून, यात वाद नाही. फोटो तिकडचाच. पण पाण्याच्या जवळ जायचं असेल तर बाजू अमेरिकेचीच, हे माझं ठाम मत आहे. गोट आयलंडवर टेरापिन पॉइंटला जा आणि कठड्याच्या डाव्या टोकाला उभे राहा. तिथून हॉर्सशू फॉलची कड हाताच्या अंतरावर वाटते. पाणी कडेपर्यंत हिरवंगार, काचेच्या लादीसारखं सपाट येतं. कडेवर वळतानाही वीतभर हिरवंच राहतं, आणि मग पांढरं. त्या हिरव्या वळणाकडे बघत माणसं पंधरा-पंधरा मिनिटं उभी असतात, फोन खिशात ठेवून. लुना आयलंड तर अमेरिकन फॉल आणि ब्रायडल व्हेल यांच्या मधोमध आहे, दोन्ही बाजूंनी पाणी कोसळतं आणि मध्ये तुम्ही. थ्री सिस्टर्स बेटांवर गर्दी सगळ्यात कमी. तिथे कोसळण्याआधीचं खवळलेलं पाणी दगडावर बसून बघता येतं. कठडा मात्र ओलांडायचा नाही, नातवाने कितीही हट्ट केला तरी.

इंद्रधनुष्याचा हिशेब साधा आहे, ऊन पाठीशी हवं. सकाळी टेरापिन पॉइंट, दुपारनंतर केव्ह ऑफ द विंड्स.

बागेत जायला तिकीट नाही. 1885पासूनची ही बाग, अमेरिकेतली सगळ्यात जुनी स्टेट पार्क. पैसे लागतात ते पार्किंग, बोट आणि खाली उतरण्याचे.

प्रश्न : सासूबाई 74 वर्षांच्या, गुडघे दुखतात, कानाला यंत्र आहे, आणि नऊवारी सोडणार नाहीत. बोटीत बसवू का? (सून, सध्या एडिसन)

उत्तर : जरूर बसवा. निरीक्षण मनोऱ्यातून लिफ्टने धक्क्यापर्यंत उतरता येतं आणि बोटीवर व्हीलचेअर चालते. घरची असली तर गाडीत टाका, चालत्या माणसालाही ही बाग मोठी पडते. गोट आयलंडपर्यंत ट्रॉली आहे, तिने जा. बोटीत वरच्या डेकवर धावू नका. खालच्या डेकवर, भिंतीला पाठ लावून, दांड्याला धरून उभं राहायचं. हॉर्सशूच्या पोटात बोट शिरली की इंजिन नुसतं पाण्याशी झुंजत एका जागी राहतं. चारी बाजूंनी पाऊस लागतो, चष्म्यातून काही म्हणजे काही दिसत नाही, आणि शेजारचा काय ओरडतोय ते ऐकू येत नाही. कानातलं यंत्र तेव्हा काढून डबीत घालून ठेवलेलं असावं. चष्माही पर्समध्ये. बिना चष्म्याचं जास्त दिसतं.

नऊवारीचं म्हणाल तर काष्टा असल्याने पायात येत नाही, उलट पाचवारीपेक्षा बरी. बोटीवर निळा पोंचो देतात, तो पोटऱ्यांपर्यंतच येतो, खालचा काठ भिजणारच. गाडीत कोरडं लुगडं, मोजे आणि शाल ठेवा. हरिकेन डेकचे जिने मात्र त्यांच्यासाठी नाहीत. तुम्ही एकीने जाऊन या, एकाने त्यांच्यापाशी बसा. तान्ह्याला काखेत घेऊनही तिथे जाऊ नका, 42 इंचांपेक्षा कमी उंचीच्या मुलांना तिथे सोडत नाहीत.

एक सांगून ठेवते. मे-जूनमध्ये दरीच्या खडकांवर समुद्रपक्ष्यांची वीण चालू असते. वारा तिकडून आला की उग्र वास येतो. सासूबाई म्हणतील, अमेरिकेतही मासळी बाजार आहे का!

प्रश्न : मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त. रात्री नायगाराचं पाणी कमी करतात असं ऐकलं. खरं का, आणि करतात तर कुठून? (कोल्हापूर)

उत्तर : काका, असं पत्र वर्षातून एखादंच येतं. खरं आहे. अमेरिका आणि कॅनडा यांच्यात 1950 साली करार झाला. त्याप्रमाणे 1 एप्रिल ते 15 सप्टेंबर सकाळी 8 ते रात्री 10 धबधब्यावरून किमान एक लाख क्युसेक पाणी सोडलंच पाहिजे. 16 सप्टेंबरपासून ऑक्टोबरअखेर रात्री 8पर्यंत. बाकी सगळा वेळ, म्हणजे रात्री आणि हिवाळाभर, किमान पन्नास हजार. पावसाळ्यात आपण बातम्यांत विसर्ग ऐकतो तोच हा क्युसेक. नदीत येतं सरासरी दोन लाखांच्या आसपास, उरलेलं वर वळवून बोगद्यांनी दोन्ही देशांच्या वीजकेंद्रांकडे जातं. धबधब्याच्या वरच्या अंगाला, कॅनडाच्या काठापासून निम्म्या नदीत शिरलेला अठरा दरवाजांचा बंधारा आहे, वाटणी तिथून होते. म्हणजे तुम्ही मेच्या दुपारी जे बघता ते पाहुण्यांसाठी राखून ठेवलेलं पाणी आहे. जोगला मे महिन्यात जाऊन नुसता कडा बघून परतलेल्यांना या कराराची किंमत कळेल.

धबधब्यावरून पडणाऱ्या पाण्यातलं नव्वद टक्के हॉर्सशूवरून जातं, अमेरिकन फॉलच्या वाट्याला दहाच. म्हणूनच 1969च्या जूनमध्ये लष्कराच्या अभियंत्यांनी वर दगडाचा बांध घालून अमेरिकन फॉल नोव्हेंबरपर्यंत पूर्ण कोरडा ठेवला. पायथ्याशी पडलेल्या दरडी हलवायच्या की नाही ते बघायचं होतं. हलवल्या नाहीत, अजून तिथेच आहेत.

तुम्ही लुइस्टनच्या पॉवर व्हिस्टाला अर्धा दिवस द्या. रॉबर्ट मोझेस वीजकेंद्राचं ते प्रदर्शन, प्रवेश फुकट. सुनेला आणि नातवंडांना कंटाळा येईल, त्यांना तेवढा वेळ बागेत सोडा.

प्रश्न : ‘न्यूयॉर्क, वॉशिंग्टन, नायगारा’ असा तीन दिवसांचा बस टूर घ्यावा का? मुलीला सुट्टी नाही. (पुणे)

उत्तर : दुसरी सोय नसेल तर घ्या, पण पैसे भरण्याआधी तीन गोष्टी लेखी विचारा. बागेत प्रत्यक्ष किती तास? बोटीचं तिकीट धरलंय का? मुक्काम धबधब्यापाशी की तासभर लांबच्या हायवेवर? न्यूयॉर्कहून नायगारा साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास, सात तास बसमध्येच जातात. जूनमध्ये इथे सूर्य मावळतो नऊच्या सुमाराला, धबधब्यावर सोडतात ते रंगीत दिवे त्यानंतर. हॉटेल लांब असेल तर बस दिवे लागायच्या आत निघते आणि तुमचं अर्धं नायगारा हुकतं.

दोघंच असाल आणि बसवत असेल तर रेल्वेचा विचार करा. न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनवरून ‘मेपल लीफ’ गाडी सकाळी निघते, नायगारा फॉल्सला पोहोचायला नऊ तासांच्या वर लागतात. जाताना डावीकडची खिडकी धरा, पहिले काही तास हडसन नदी सोबत असते. मला विमानापेक्षा हेच आवडतं, पण माझ्या मुलांना विचाराल तर ती हात जोडतील.

प्रश्न : शाकाहारी जेवण मिळतं का? (एक आजी, अमरावती)

उत्तर : मिळतं, भरपूर. बागेच्या आसपास भारतीय हॉटेलांची रांगच आहे. चव यथातथा, भाव पर्यटकांचे. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेलीत तर बागेतल्या बाकावर बसून खायला कुणाची ना नाही. सीगल तेवढे सांभाळा, हातातला घास नेतात.

प्रश्न : मी बफेलोत एमएस करतोय. मेमध्ये पदवीदान आहे, आई-बाबा पहिल्यांदा येत आहेत. समारंभाच्या दुसऱ्या दिवशी नायगारा ठरवलंय. ठीक ना? (सध्या बफेलो)

उत्तर : अभिनंदन! ठीक आहे, पण हॉटेल आजच ठरव. त्या आठवड्यात तुझ्यासारख्या सगळ्यांचे आई-बाबा येतात आणि खोल्या उरत नाहीत. हरिकेन डेक उघडलाय का ते आदल्या दिवशी फोन करून विचार, संकेतस्थळावरच्या तारखेवर विसंबू नकोस. समारंभाचे कपडे घालून थेट बोटीवर जाऊ नका, बाबांचा कोट तिथे वाळणार नाही. आणि आईला सांग, मोज्यांचे दोन जोड जास्त आण. बाकी मी बघते, विंडचीटर आमच्याकडून घेऊन जा.