मास कम्युनिकेशन कॉलेजात जाऊन शिकण्यात अर्थ आहे का, की ते घरबसल्याही येतं?

तुम्ही लिहिलंय की शाळा संपत आलीय, मास कम्युनिकेशनला जायचं मनात आहे, पण घरचे म्हणतात, कॅमेरा आणि एडिटिंग तर व्हिडिओ बघूनही येतं, त्यासाठी तीन-चार वर्षं कशाला घालवायची? शेवटी असंही विचारलंय की आधीच एखादा चांगला कॅमेरा घेऊन ठेवावा का. मी हेच शिकले, मग बरीच वर्षं डेस्कवर उपसंपादक होते आणि आता अधूनमधून विद्यार्थ्यांच्या कॉपी, म्हणजे त्यांनी लिहिलेल्या बातम्या, तपासते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

घरच्यांचं अर्धं म्हणणं बरोबर आहे. कॅमेरा कसा धरायचा, टाइमलाइनवर कट कुठे मारायचा, सॉफ्टवेअरमधलं कुठलं बटण कशासाठी, हे कॉलेजाशिवाय येतं. आमच्या वर्गातल्या बऱ्याच जणांना ते प्रवेश घेण्याआधीच येत होतं आणि शिकवणाऱ्यांपेक्षा त्यांचा हात भरभर चालायचा. शिवाय पहिल्या वर्षी शिकलेलं सॉफ्टवेअर नोकरी लागेपर्यंत बदललेलं असतं. तेवढ्यासाठीच जाणार असाल, तर जाऊ नका.

हा वाद मात्र आजचा नाही. १९०८ मध्ये अमेरिकेत मिसुरी विद्यापीठात पत्रकारितेचं स्कूल निघालं, तेव्हाही मुरलेले संपादक म्हणत होते की बातमीदार कचेरीत घडतो, वर्गात नाही. जोसेफ पुलित्झर स्वतः बातमीदारीपासून चढत चढत वृत्तपत्रांचा मालक झालेला. कॉलेजाचं शिक्षण त्याला मिळालं नव्हतं. तरी त्यानेच १९०४ मध्ये मोठा लेख लिहून पत्रकारितेच्या कॉलेजाची बाजू मांडली आणि त्यासाठी कोलंबिया विद्यापीठाला पैसे दिले. ते स्कूल १९१२ मध्ये, त्याच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षी सुरू झालं. त्याच्या लेखातला एक मुद्दा मला आजही पटतो: वृत्तपत्राच्या कचेरीत नवख्याला शिकवायला कुणाकडे वेळही नसतो आणि कुणाला तेवढी हौसही नसते.

हे मी अनुभवलंय. रात्री पान छपाईला सोडायची वेळ झालेली असते. तुमची इंट्रो, म्हणजे बातमीची सुरुवातीची वाक्यं, वरिष्ठांना आवडत नाही. ते ती बदलतात आणि पान सोडतात. का बदलली, हे सांगायला कुणी थांबत नाही. सकाळी छापलेलं वाचून तुम्हीच ताडायचं. कॉलेजात तीच कॉपी हातात परत येते, आणि ती देणारा माणूस समोर बसून सांगतो की हे वाक्य का गेलं. माझ्या मते कॉलेजात जायचं ते यासाठी.

माझी पहिली कॉपी मला अजून आठवते. सरांनी एका आगीची कच्ची माहिती एका कागदावर दिली होती आणि ३०० शब्दांत बातमी मागितली होती. मी ती मन लावून लिहिली. परत आली तेव्हा कागदावर लाल पेनाची अकरा वर्तुळं होती. मी लिहिलं होतं, ‘शॉर्टसर्किटमुळे आग लागली.’ बाजूला सरांचं अक्षर: ‘कुणी सांगितलं?’ मूळ कागद पुन्हा पाहिला तर तिथे होतं, ‘शॉर्टसर्किटमुळे आग लागली असावी, असं दुकानमालकाचं म्हणणं.’ माझ्या हातून दुकानमालकही गळला होता आणि ‘असावी’सुद्धा. ‘लाखोंचं नुकसान’ हे तर कागदात कुठेच नव्हतं, ते मी आगीच्या इतर बातम्या वाचून सवयीने लिहिलं होतं. जखमींचा आकडा शेवटच्या परिच्छेदात होता. तिथे एक बाण काढून सरांनी लिहिलं होतं, ‘जागा कमी पडली तर हे कापलं जाईल.’ बातमी उलट्या पिरॅमिडसारखी, म्हणजे सगळ्यात महत्त्वाचं सगळ्यात आधी, का लिहायची, हे पुस्तकातल्या दोन पानांनी नसतं समजलं, ते त्या एका बाणाने समजलं.

अशा कॉपी पहिल्या वर्षात तीस-चाळीस झाल्या. वर्षअखेरीला वर्तुळं संपली नव्हती, पण लिहिता लिहिताच ‘कुणी सांगितलं?’ असं स्वतःला विचारायची सवय लागली होती. तुमच्या व्हिडिओखाली हजार लोक कमेंट करतील, पण तुमच्या वाक्यातला दुकानमालक कुठे गेला, हे त्यातला एखादाच विचारेल.

आता थिअरी. याच विषयाला मुलं सगळ्यात जास्त कंटाळतात, मीही कंटाळले होते. सुरुवातीला बाणांच्या आकृत्या असतात: प्रेषक, संदेश, माध्यम, ग्राहक, परिणाम. मग संशोधकांची नावं आणि सालं. ती परीक्षेपुरती पाठ केली तर खरोखरच वाया जातात. पण आमच्या बाईंनी एक प्रकरण असं शिकवलं की त्या दिवसापासून मी त्या तासाला पुढे बसायला लागले.

३० ऑक्टोबर १९३८ च्या रात्री अमेरिकेत रेडिओवर मंगळावरच्या जीवांनी पृथ्वीवर हल्ला केल्याचं नाटक झालं, बातमीपत्राच्या थाटात. दुसऱ्या दिवशीच्या पेपरांत मथळे होते की लोक घाबरून घराबाहेर पळाले, देशभर हलकल्लोळ माजला. बाईंनी पहिल्या तासाला हे सगळं जसंच्या तसं सांगितलं आणि ‘माध्यमांचा प्रभाव’ यावर टिपण लिहून आणायला सांगितलं. आम्ही सगळ्यांनी पानं भरली, माणसं माध्यमांच्या हातातली बाहुली कशी असतात वगैरे.

दुसऱ्या तासाला बाईंनी फळ्यावर दोन आकडे लिहिले. एक, १९४० साली प्रसिद्ध झालेल्या, मानसशास्त्रज्ञ हॅडली कँट्रिलच्या अभ्यासातला: सुमारे ६० लाख लोकांनी नाटक ऐकलं आणि त्यातले निदान १० लाख घाबरले किंवा अस्वस्थ झाले. दुसरा त्याच रात्रीच्या टेलिफोन पाहणीतला: ५,००० घरांना फोन केले, तेव्हा जेमतेम २ टक्के लोक ते नाटक ऐकत असल्याचं कळलं. त्याच वेळी दुसऱ्या स्टेशनवर एका बोलक्या बाहुलीवाल्याचा अतिशय लोकप्रिय कार्यक्रम चालू होता. मग बाईंनी विचारलं, कँट्रिलचा ६० लाखांचा आकडा ज्या पाहणीवरून निघाला, ती कधी झाली होती? नाटकानंतर सहा आठवड्यांनी. म्हणजे पेपरांत सगळं छापून आल्यावर, घरोघरी त्याची चर्चा झाल्यावर. घाबरलेले आणि नुसते अस्वस्थ झालेले एकाच बेरजेत का? आणि पळापळीच्या बातम्या छापणाऱ्या पेपरांच्या जाहिराती त्या काळात कोण पळवत होतं? रेडिओच.

काही लोक खरंच घाबरले होते, पोलिसांना फोनही गेले होते. पण अख्खा देश रस्त्यावर आला, हे चित्र नंतरच्या संशोधकांनी खोडून काढलंय. आमची टिपणं बाईंनी परत दिली, गुण न देता. त्यांनी एवढंच विचारलं की यातल्या किती जणांनी आकडा शोधला होता. एकानेही शोधला नव्हता. परिणामाबद्दल बोलताना आधी तो मोजला कुणी, कधी आणि कसा, हे विचारायचं असतं, हे मला त्या तासाला कळलं. आज ‘अमुक व्हिडिओमुळे तरुण बिघडले’ अशी बातमी माझ्यासमोर आली की मी पहिल्यांदा तेच शोधते.

संख्याशास्त्राला घाबरून पळू नका, त्यातलं थोडंसंच लागतं. हजार जणांच्या नीट निवडलेल्या पाहणीतही साधारण ३ टक्के अधिक-उणे धरावेच लागतात, एवढं कळलं तरी ‘अमुक उमेदवार २ टक्क्यांनी पुढे’ हा मथळा तुम्ही लावणार नाही. कायदा आणि नीतिमत्ता हे विषय कोरडे वाटतात, पण पहिली कायदेशीर नोटीस आली की माणूस त्याच वह्या शोधतो.

तांत्रिक विषयांतही असंच आहे. बटण कुणीही दाखवेल, पण चूक तुमच्या कानाला ऐकवणारा माणूस लागतो. आमच्या गटाने ऑडिओच्या तासासाठी एक मुलाखत ध्वनिमुद्रित केली. खोलीत पंखा चालू होता. अर्ध्यावर मैत्रिणीला त्याची घरघर जाणवली, तिने उठून तो बंद केला. आम्हाला वाटलं, बरं झालं. एडिटला बसलो तेव्हा कळलं की आता शेवटचं वाक्य सुरुवातीला आणता येत नाही, कारण प्रत्येक कटला मागची घरघर मध्येच येते आणि मध्येच जाते. शब्द अगदी स्वच्छ होते, पण ऐकणाऱ्याला प्रत्येक जोड कळत होता. तंत्रज्ञ दादांनी आमच्यासोबत हेडफोन लावून ते सगळं ऐकलं आणि विचारलं, ‘रूम टोन घेतलात?’ म्हणजे मुलाखत झाली की त्याच खोलीत, कुणीही न बोलता, तीस-चाळीस सेकंद नुसती शांतता ध्वनिमुद्रित करायची. जोड तिच्याखाली झाकले जातात. आम्ही घेतला नव्हता. त्या माणसाला पुन्हा भेटून सगळी मुलाखत नव्याने घ्यावी लागली. तेव्हापासून काम संपलं की मी सगळ्यांना गप्प बसवते आणि शांतता घेते.

कॉलेज निवडताना माहितीपुस्तिकेतले स्टुडिओचे फोटो बघून हुरळू नका. शक्य असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठा आणि विचारा, गेल्या सत्रात तुमच्या किती कॉपी तपासून परत आल्या, आणि नुसत्या सहीनिशी की शेऱ्यांसह? एका कॅमेऱ्यामागे किती जण असतात? दहा-बारा असतील तर त्यातले दोघंच शूट करतात आणि बाकीचे ट्रायपॉड उचलतात. मुलांचं स्वतःचं नियतकालिक, वेबसाइट किंवा कॅम्पस रेडिओ खरोखर चालतो का, की फक्त वार्षिक कार्यक्रमापुरता? ज्याला खरे वाचक आणि खऱ्या डेडलाइन आहेत, असं काहीतरी हवंच. चुकीचं नाव छापल्यावर त्या माणसाचा फोन येतो, त्यातून जे कळतं ते कुठल्याच प्रात्यक्षिकातून कळत नाही.

नोकरीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. पदवीमुळे इंटर्नशिपचा दरवाजा उघडतो, पुढे तुमचं काम दाखवावं लागतं. बातमीदारीत सुरुवातीचा पगार बेताचा असतो आणि रात्रपाळी असते. माझ्या वर्गातले निम्म्याहून अधिक लोक जाहिरात, जनसंपर्क, माहितीपट किंवा संस्थांच्या संवाद विभागात गेले आणि चांगलं काम करताहेत. बातमीत टिकला नाहीत तर शिक्षण फुकट गेलं, असं मला अजिबात वाटत नाही. मात्र प्रसिद्धीची ओढ हेच मुख्य कारण असेल, तर पहिल्याच वर्षी जड जाईल. तिथे बहुतेक वेळ लिहिण्यात, खोडण्यात, फोन करण्यात आणि थांबण्यात जातो.

आता कॅमेऱ्याचं. सध्या घेऊ नका. पहिलं वर्षभर फोनचा कॅमेरा पुरतो, आणि तुम्हाला लेखन, ध्वनी की चित्रीकरण यातलं काय आवडतं, हे दुसऱ्या वर्षापर्यंत बदललेलं असेल. घ्यायचंच असेल तर कान पूर्ण झाकणारे साधे हेडफोन घ्या आणि फोनला लागेल असा कॉलरचा माइक. आज घरी कुणाची तरी दहा मिनिटांची मुलाखत घ्या, त्याच खोलीतली अर्ध्या मिनिटाची शांतता घ्या आणि हेडफोन लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐका. आपण समोरच्याला किती वेळा मध्येच तोडलं, ते मोजा. माझ्या पहिल्या मुलाखतीत मी सतरा वेळा तोडलं होतं.