साइटवरचा कॅमेरा आणि सिव्हिलचा डिप्लोमा

प्रश्न : मुलगा सांगलीत सिव्हिल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. समोरच्या इमारतीचं बांधकाम खिडकीत मोबाइल लावून टिपतो. आता म्हणतो, शिक्षण सोडून टाइमलॅप्सचाच (ठरावीक वेळाने काढलेले फोटो जोडून केलेल्या फिल्मचा) धंदा करणार, कॅमेऱ्याला दीड लाख द्या. मी एसटीत वाहक आहे. क्लिप सोबत पाठवतोय. यात पोट भरतं का?

नमस्कार. क्लिप दोनदा पाहिली. पोराला नजर आहे आणि चिकाटीही आहे. पण चित्र मधूनमधून उडी मारतं, कारण मोबाइल काढून परत लावताना कोन बदलतो. हे सुधारेल. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटली. दुसऱ्या मजल्याचं सेंट्रिंग (स्लॅब ओतण्यासाठीचा फळ्या-टेकूंचा साचा) लागलं आणि मागचं सगळं काम कायमचं झाकलं गेलं. इमारत कुठवर चढणार, क्रेन कुठे उभी राहणार, हे पहिल्याच दिवशी नकाशावरून कळलं तरच कॅमेऱ्याची जागा बरोबर निवडता येते. तो नकाशा वाचायला त्याचा डिप्लोमाच शिकवणार आहे. म्हणून शिक्षण सोडू देऊ नका. चांगले फोटो काढणारी मुलं पुष्कळ आहेत, बारचार्ट, म्हणजे कोणतं काम कधी होणार याचा तक्ता, वाचून कॅमेरा लावणारी फार थोडी.

हिशेब त्याच्याकडूनच करून घ्या. दर १५ मिनिटांनी एक फोटो, दिवसाचे १० तास, म्हणजे रोज ४०. वर्षाचे ३०० दिवस धरले तर १२,०००. सेकंदाला २५ फोटो या वेगाने त्याची ८ मिनिटं होतात. तीन वर्षांचं काम २४ मिनिटांत बसतं आणि बिल्डरला जाहिरातीसाठी त्यातली दोनच हवी असतात. ती फिल्म एकदाच विकली जाते. मग उरलेल्या फोटोंचं काय?

खरी कमाई तिथेच आहे, असं माझं मत आहे. ठेकेदाराला आणि सल्लागार इंजिनिअरला तारीखवार नोंद लागते : स्लॅब कधी पडला, पावसाने काम किती दिवस थांबलं, माल कधी उतरला. मुदतवाढीचा किंवा बिलाचा वाद निघाला की असे फोटो कामी येतात. म्हणून दर महिन्याला ठरावीक पैसे घेऊन ही नोंद ठेवणं हा धंदा होऊ शकतो. ही कल्पना नवी नाही. पनामा कालव्याच्या कामावर अर्नेस्ट हॅलन १९०७ पासून पगारी छायाचित्रकार होता. कालवा १९१४ मध्ये खुला झाला, त्याची नोकरी मात्र १९३७ पर्यंत चालली.

आता दीड लाखाबद्दल. एवढे देऊ नका. हा कॅमेरा तीन वर्षं डब्यात बंद होऊन खांबावर ऊन-धूळ खात राहणार. जुना डीएसएलआर पुरतो. फोकस हाताने लावून त्यावर चिकटपट्टी मारायची, अ‍ॅपर्चर (भिंगाचं उघडं तोंड) आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) कायम ठेवायचे, नाहीतर चित्र लुकलुकतं. तोंड शक्यतो उत्तरेला, म्हणजे सूर्य सहसा थेट भिंगात येत नाही. वीज नसेल तिथे छोटं सोलर पॅनेल आणि फोटो रोज मोबाइल नेटवर्कवरून खाली घ्यायची सोय. पावसाळ्यात काचेवर थेंब, आत वाफ, आणि कोळी तर बारा महिने! काच पुसायला शिडी चढावीच लागते. या धंद्याचा मोठा भाग असा आहे, हे त्याने आधीच पाहिलेलं बरं.

फक्त सांगलीतल्या कामांवर घर चालेल असं मला वाटत नाही. मोठी, लांबणारी कामं पुण्या-मुंबईत आहेत. डिप्लोमानंतर एखाद्या ठेकेदाराकडे साइटवर नोकरी किंवा इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, दोन्ही वाटा चालतील. सोबत ऑटोकॅड (नकाशे काढायचं सॉफ्टवेअर) आणि प्रायमाव्हेरा (कामाचं वेळापत्रक आखायचं सॉफ्टवेअर) शिकावं. व्यवसायासाठी ड्रोन (२५० ग्रॅमपर्यंतचा अगदी छोटा सोडून) उडवायचा तर वय १८ पूर्ण हवं आणि रिमोट पायलटचं प्रमाणपत्रही लागतं. तोवर थांबायला सांगा.

औद्योगिक प्रशिक्षणाला जाईल तेव्हा तिथल्या साइट इंजिनिअरची लेखी परवानगी घेऊन एकच कॅमेरा लावू दे. पैसे मागू नयेत, पण फोटो कोणाच्या मालकीचे आणि ते इतरांना दाखवता येतील का, एवढं त्याच कागदावर लिहून घ्यावं. शेजारच्या घरांच्या खिडक्या चौकटीत येत असतील तर कॅमेरा सरकवायचा.